बांधापलीकडचे चार बाइट

बांध कोरणे हा आपल्याकडचा फार जुना आणि फार शांत गुन्हा आहे. दरवर्षी नांगर वळवताना माणूस वीतभर पुढे जातो. शेजाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, आले तरी तो भांडत नाही. वीतभर मातीसाठी तोंड कोण वाईट करणार? मग कधीतरी मोजणी येते, साखळी पडते, आणि त्या वेळी ज्याच्या ताब्यात शेत असते तो म्हणतो, "अहो, मी तर या बांधाला हातही लावलेला नाही!" तो खरेच बोलत असतो. कोरणारा केव्हाच निघून गेलेला असतो. जाब मात्र याला द्यावा लागतो.

या गुन्ह्याचा अगदी रेखीव नमुना मला शेतात नव्हे, तर सी नावाच्या संगणकाच्या भाषेत पाहायला मिळाला, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. पण ही भाषाच तशी आहे. डेनिस रिची याने बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ती घडवली. पुढे १९८९ साली तिचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा तिच्या स्वभावाचे वर्णन करताना पहिलेच सूत्र असे सांगितले गेले की, प्रोग्राम लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा. किती उदार तत्त्व! या भाषेत तुम्ही 'मॅलॉक'कडे जागा मागायची, म्हणजे तो स्मृतीच्या मोकळ्या रानातून तेवढा तुकडा काढून देतो. काम झाले की 'फ्री' म्हणून तो परत करायचा. मधल्या काळात तुम्ही त्या तुकड्यात काय पेरता आणि नांगर कुठवर नेता, हे कोणी विचारत नाही. बांध आहे, पण बांधावर कुंपण नाही. तुकड्याच्या तोंडाशी एक लहानसा दगड मात्र असतो, आणि त्यावर तुकड्याचे माप कोरलेले असते. मॅलॉक आणि फ्री यांचा सारा कारभार त्या दगडांवरच्या आकड्यांवर चालतो.

आता ज्या प्रोग्राममुळे हे सारे मनात आले त्याची हकिगत सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या हातची अभंगांची एक वही आहे. आजोबा वारकरी होते. कीर्तनात ऐकलेले, दुसऱ्यांच्या वह्यांतून उतरवलेले असे अभंग त्यांनी तीत लिहून ठेवले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशी ओलांडल्यावर एक ध्यास घेतला: ही वही छापील गाथेहून कुठे कुठे वेगळी आहे ते पाहायचे. शब्द वेगळा दिसला की आजोबांच्या हातून चूक झाली म्हणावी, की तो एखादा जुना पाठ समजावा, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे टोचत होता. आपल्याकडे पाठभेदांची परंपरा मोठी आहे. तुकारामाच्या गाथेची १८६९ साली निघालेली पंडितांची आवृत्ती निरनिराळ्या पोथ्या पुढे ठेवून सिद्ध झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून पुरी केली, आणि तीही हाताने तक्ते भरभरून. अण्णांच्या हाताशी सत्तेचाळीस वर्षे नव्हती, नात होती. ती, म्हणजे माझी भाची, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. वही टंकित करून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, फरक मोजायचं काम माझं."

दोन शब्दांतला फरक मोजण्याची रीत ठरलेली आहे. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती खुणा घालाव्या, गाळाव्या किंवा बदलाव्या लागतात, ते त्या दोघांतले अंतर. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली ही कल्पना मांडली. संगणक देवनागरी मोजतो तोही आपल्यासारखा नाही. आपण 'विठोबा'ची तीन अक्षरे म्हणू. तो सहा खुणा म्हणतो: व, वेलांटी, ठ, ओकार, ब आणि काना. 'विठ्ठल'च्याही सहाच: व, वेलांटी, ठ, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ठ आणि ल. पहिल्या तीन जुळतात, पुढच्या तीन बदलाव्या लागतात, म्हणून विठोबापासून विठ्ठलापर्यंतचे अंतर तीन. भाविकांना ते मान्य होणार नाही, पण यंत्राचा हिशेब असा आहे.

शब्दांऐवजी लांबलचक ओळी घेतल्या की नजरेने हे जमत नाही. तेव्हा कामी येते ते डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. हे भारदस्त नाव रिचर्ड बेलमन याने १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना रूढ केले. अमेरिकेच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना 'संशोधन' या शब्दाचा म्हणे तिटकारा होता, म्हणून आतले गणित झाकायला असे दणदणीत नाव आपण घेतले, ही गंमत त्यानेच पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे. नावाखालची युक्ती मात्र साधी, जवळजवळ घरगुती आहे. मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक लहान तुकड्याचे उत्तर एकदाच काढून तक्त्यात लिहून ठेवायचे, आणि पुढे लागेल तेव्हा पुन्हा न काढता तक्त्यात पाहायचे. एक शब्द उभा लिहा, दुसरा आडवा. प्रत्येक घरात पहिल्याचा एवढा भाग आणि दुसऱ्याचा एवढा भाग यांतले अंतर लिहीत चला. अगदी शेवटच्या कोपऱ्यातल्या घरात तुमचे उत्तर येते.

यात एकच बारकी गोष्ट आहे. सहा खुणांच्या शब्दाला सहा घरे पुरत नाहीत, सात लागतात. कारण 'अजून काहीच घेतलेले नाही' या अवस्थेलाही तक्त्यात एक घर द्यावे लागते. रिकाम्या शब्दापासून 'वि'पर्यंत जायला दोन खुणा लागतात, 'विठ्ठल'पर्यंत जायला सहा; हे हिशेब त्या शून्याच्या ओळीत बसतात आणि सारा तक्ता त्यांच्यावर उभा राहतो. भाचीने ओळी बरोबर सात मागितल्या होत्या. प्रत्येक ओळीत घरे मात्र सहाच मागितली, आणि भरताना सात भरली.

मग कोसळाकोसळ सुरू झाली. पण ती तरी सरळ असावी की नाही! पोरीने चाचणीसाठी संतांची नावे घेतली. एका वेळी एक नाव, आणि ते त्याच नावाशी ताडून पाहायचे. एकनाथ सुखरूप पार पडले. तुकाराम, ज्ञानदेव, चोखामेळा, सगळे पार. नामदेव आले आणि प्रोग्राम गतप्राण झाला. जनाबाई आली, तिथेही तेच. शेवटी तिने 'पांडुरंग' घातला, तो चालला. 'विठोबा' घातला, तो चालेना. तिने मला फोन केला.

"मामा, नामदेवाचं आणि याचं काहीतरी वैर आहे बघ."

"आणि जनीचं?"

"ती नामयाची दासी ना! तिलाही दारातच अडवतोय."

ही थट्टा होती, पण तिच्या आवाजात रडू होते. आठवडाभर ती यात अडकली होती, आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असे आईजवळ बोलूनही झाले होते.

तिने वर्गात शिकवल्याप्रमाणे शोध सुरू केला. विठोबा आणि विठ्ठल हीच जोडी घेतली. प्रोग्राम पडत होता तो उत्तर छापण्याच्या क्षणी. म्हणून तक्ता भरण्याच्या आधी तिने एक ओळ छापायला लावली: 'इथवर आलो'. आणि काय चमत्कार! उत्तर छापले गेले, तीन, अगदी बरोबर. प्रोग्राम पडला तो त्यानंतर, जागा परत करताना. मग एका मैत्रिणीने सल्ला दिला, "परत करूच नकोस ना जागा. कोण विचारतंय?" तिने फ्रीच्या ओळी काढून टाकल्या. प्रोग्राम निर्वेध चालला. विठोबा, नामदेव, जनाबाई, सगळे पार! तिने हर्षाने सगळी वही त्याच्यापुढे टाकली, तेव्हा दुसऱ्याच अभंगात तो पुन्हा आडवा झाला. ज्या ओळीवर तो पडला ती ओळ तिने दहादा तपासली. तीत काही म्हणजे काही वावगे नव्हते.

असा हा पळणारा गुन्हेगार. छापण्याच्या दारात पकडायला जावे तर तो परतीच्या दारात; ते दार बुजवावे तर पुढच्या ओळीच्या घरात. मनुष्य अशा वेळी देवभोळा होतो. 'इथवर आलो' ही ओळ ठेवली की प्रोग्राम थोडा बरा वागतो, म्हणून ती ताइतासारखी बांधून ठेवावी असे वाटू लागते. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या प्रोग्रामांतही असे ताईत बांधलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशेजारी 'ही ओळ काढू नये' असा इशाराही.

"मामा, एक सुचलंय," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "वही एका दमात द्यायचीच नाही. एकेक ओळ द्यायची, प्रत्येक वेळी प्रोग्राम नव्याने सुरू करायचा. मग पडत नाही. करून पाहिलं मी. आकडा आजोबांना देऊन टाकते."

"आकडा बरोबर आहे?"

"बरोबरच दिसतोय."

"आजोबांनी विचारलं, हे खरं कशावरून, तर काय सांगशील?"

ती गप्प बसली. त्या आकड्यावर अण्णा आपल्या वडिलांच्या हाताला चूक म्हणणार होते किंवा म्हणणार नव्हते. हे तिलाही ठाऊक होते.

मी तिला एवढेच सांगितले की, पडतो कुठे ते पाहू नकोस, कोरतो कुठे ते पाहा. त्यासाठी राखणदार मिळतात. ज्युलियन सेवर्डचा व्हॅलग्राइंड २००२ सालापासून हेच काम करतो आहे. गूगलच्या मंडळींनी २०१२ साली पुढे आणलेला ॲड्रेससॅनिटायझर तर हल्ली कंपायलरबरोबरच येतो. भाषांतराच्या वेळी एक शब्द जास्त लिहिला की झाले. तो प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना विषारी पट्टा आखतो, आणि त्या पट्ट्याला कोणी स्पर्श केला रे केला की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवून पंचनामा पुढे ठेवतो. भाचीने तो लावला. क्षणात उत्तर आले: चोवीस बाइटांच्या तुकड्याला लागून, अगदी लगेच पुढे, चार बाइटांचे लेखन. तुकडा कोणत्या ओळीत मागितला तेही होते आणि लेखन कोणत्या ओळीत झाले तेही. ती दुसरी ओळ म्हणजे शून्याची ओळ भरणारे चिमुकले आवर्तन. आठवडाभर तिकडे तिने पाहिलेसुद्धा नव्हते.

मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि नामदेवाच्या वैराचा उलगडा झाला. तक्त्याच्या प्रत्येक घराला चार बाइट लागतात. तिच्या चौसष्ट-बिटी लिनक्स यंत्रावरचा मॅलॉक मागितलेल्या जागेत दगडाचे आठ बाइट मिळवतो आणि येणारी बेरीज सोळाच्या पटीत वर नेतो. तुकारामाच्या खुणा सात, म्हणजे मागणी अठ्ठावीस बाइटांची. वर नेता नेता वापरायला मिळतात चाळीस. आठ खुणांच्या ज्ञानदेवाला आणि पांडुरंगालाही चाळीसच. पाच खुणांच्या एकनाथाने वीस मागितले, मिळाले चोवीस. या सर्वांच्या शेताला पडीक कड होती, जादा घर त्या कडेत मावले. पण नामदेव, जनाबाई, विठोबा, विठ्ठल यांच्या खुणा सहा. सहा चोक चोवीस, अधिक आठ, बरोबर बत्तीस! तसूभर कड उरत नाही. सातवे घर थेट शेजारच्या दगडावर जाऊन बसते. दहा, चौदा, अठरा खुणांच्या ओळींचे नशीबही असेच.

त्या दगडावर ३३ कोरलेले असते: बत्तीस बाइटांचे माप, आणि 'मागचा शेजारी नांदता आहे' एवढे सांगणारा एक. त्यावर आमच्या प्रोग्रामने कोरले सहा. शून्याच्या ओळीचा स्वतःचा दगड शाबूत, म्हणून परतीच्या वेळी ती सन्मानाने परत गेली. पकडली गेली तिच्या पुढची ओळ, जिने शून्याच्या दगडाला हातही लावलेला नव्हता. शेवटच्या ओळीपुढे तर शेजारीच नव्हता, होते मोकळे रान, आणि त्याच्या दगडावर 'एवढे रान शिल्लक आहे' असा हिशेब. तिचे शेवटचे घर म्हणजे उत्तराचे घर. तेव्हा उत्तर जे तीन आले तेच शिल्लक म्हणून कोरले गेले! छापण्यासाठी पहिल्यांदाच जागा मागायला जावे, तर भांडारी सांगतो, शिल्लक तीन. त्याचाच हिशेब त्याला पटेना, म्हणून त्याने दुकान बंद केले. 'इथवर आलो' छापल्यामुळे छापण्याची जागा आधीच काढली गेली, रानाआड एक भिंत आली, आणि गुन्हा पुढच्या दारात गेला. ताइताचे सामर्थ्य एवढेच.

मला खरा धडा मिळाला तो यानंतर. भाचीने राखणदार लावून पुन्हा तुकाराम घातला, एकनाथ घातला, पांडुरंग घातला. प्रत्येक ठिकाणी तोच पंचनामा! जे सुखरूप पार पडले असे आठवडाभर वाटत होते ते सगळे बांध कोरूनच गेले होते. फरक इतकाच की, त्यांच्यापुढे पडीक जमीन होती. चूक सर्वांत सारखी होती. नामदेवाने आणि जनाबाईने फक्त ती सांगितली. पडणाऱ्या नावांवर आम्ही चिडलो होतो. खरे म्हणजे त्यांचे उपकार मानायला हवे होते.

आणि न पडणाऱ्या चुका काय करतात याचे उदाहरण फार दूर नाही. ओपनएसएसएल नावाच्या, जगभरच्या जालावरचे गुपित व्यवहार सांभाळणाऱ्या प्रोग्रामात २०१२ साली एक उणीव शिरली. समोरच्याने 'माझा निरोप एवढा लांब आहे' असे खोटेच सांगितले, तर हा प्रोग्राम न मोजता आपल्या स्मृतीतला तेवढा भाग, चौसष्ट किलोबाइटांपर्यंत, वाचून त्याच्या हाती देई. त्यात परवलीचे शब्द असू शकत, गुप्त किल्ल्या असू शकत. दोन वर्षे हे कोणाला कळले नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' या नावाने ते जाहीर झाले तेव्हा जग हादरले. एवढा काळ ते लपले कसे? कारण प्रोग्राम पडत नव्हता. तो हसतमुखाने काम करीत होता. तो नामदेवाच्या नावापाशी पडला असता, तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात रडत का होईना, आपल्या मामाला फोन केला असता.

दुरुस्ती किती म्हणाल? ओळीतली घरे मागताना एक मिळवायचे. एवढेच. तिने ते केले, काढलेल्या फ्रीच्या ओळी पुन्हा जागेवर आणल्या, 'इथवर आलो' काढून टाकले, आणि राखणदार उभा ठेवून सगळी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालवली. पंचनामा आला नाही. एवढे झाल्यावर मगच तिने अण्णांपुढे यादी ठेवली.

अण्णांनी अपेक्षेप्रमाणे विचारले, "हे खरं कशावरून?" तिने बसून त्यांना तक्ता काढून दाखवला. जादा घर पाहून ते म्हणाले, "म्हणजे काहीच नाही त्यालाही एक घर?" "हो आजोबा. काहीच नाही तिथपासून विठ्ठलापर्यंत सहा." अण्णांनी मान हलवली आणि यादीतून बोट फिरवत ते एका ओळीशी थांबले. यंत्राने तिथे मोठा फरक दाखवला होता. वहीचे ते पान उघडले, तर आजोबांनी एका शब्दापुरती जागा कोरी सोडली होती. ऐकताना शब्द निसटला असेल, किंवा ज्या वहीतून उतरवले तिथे कसर लागलेली असेल. वाटेल तो शब्द घालून ओळ पुरी करता आली असती. त्यांनी तसे केले नव्हते. पुढचा शब्द त्याच्या जागीच लिहिला होता आणि मधली जागा रिकामी ठेवली होती. छापील गाथेतला शब्द समोर होता, पण अण्णांनी तो वहीत लिहिला नाही. यादीत त्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने एक बारीक खूण केली आणि ते पुढच्या ओळीकडे वळले.